कोबीच्या गाडीतून आलेला मेजर

नमस्कार श्रोतेहो.

कैदेतून पळणं एका रात्रीत होतं. पण पळाल्यावर दुसऱ्या दिवशी भूक लागते, तिसऱ्या दिवशीही लागते. अंगावर गणवेश, भाषा येत नाही, आणि चहूकडे शत्रू. अशा हजारो माणसांचा संसार चालवणाऱ्या एका अधिकाऱ्याबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव मेजर सॅम डेरी, ब्रिटिश तोफखान्यातला.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. तेव्हा तिथल्या छावण्यांमध्ये दोस्त राष्ट्रांचे सुमारे ८०,००० युद्धकैदी होते. पहारेकरी ढिले पडले, पण लंडनहून हुकूम आलेला: जागेवरच थांबा, आपलं सैन्य येतंच आहे. सैन्य आलं, पण जर्मन! हा हुकूम ज्यांनी इमानानं पाळला त्यांची रवानगी जर्मनीकडे जाणाऱ्या आगगाड्यांत झाली. ज्यांनी कानाडोळा केला ते डोंगरात निसटले. डेरी उत्तर आफ्रिकेत पकडला गेला होता आणि किएतीच्या छावणीत होता. त्यानं धावत्या गाडीतून उडी टाकली.

रोमजवळच्या शेतकऱ्यांनी त्याला आसरा दिला. आजूबाजूला आणखी सैनिक दडले असल्याचं त्याला कळलं. त्यानं गावच्या पाद्र्याकडून रोमला निरोप धाडला: पैसे हवेत. पैसे आले, आणि मागाहून बोलावणंही आलं. मग हा धिप्पाड मेजर कोबीच्या ढिगाखाली अंग चोरून घोडागाडीतून रोममध्ये शिरला.

बोलावणारा होता व्हॅटिकनमधला आयरिश धर्मगुरू, मॉन्सिन्योर ह्यू ओ'फ्लॅहर्टी. मॉन्सिन्योर ही कॅथलिक धर्मगुरूंची एक मानाची पदवी. आणि हा राहायचा कुठे, तर जर्मन कॉलेजात! व्हॅटिकनच्या भिंतीला लागून असलेली ही धर्मसंस्था. पळालेल्या ब्रिटिश सैनिकांची व्यवस्था जर्मन नावाच्या इमारतीतून चालायची, यातली गंमत त्या दोघांना नक्कीच कळली असणार. ओ'फ्लॅहर्टी उंच, डेरीही उंच, त्यामुळे मॉन्सिन्योरचाच झगा अंगावर चढवून मेजरसाहेब व्हॅटिकनमधले ब्रिटनचे राजदूत सर डार्सी ऑस्बर्न यांच्याकडे जेवायला गेले.

मॉन्सिन्योर मनानं मोठा. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण शत्रूच्या पोटात राहून असलं काम करायचं तर दारात आलेला खरंच सैनिक आहे की गेस्टापोचा, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचा माणूस, हे कुणीतरी तपासायला हवं. ते काम डेरीनं अंगावर घेतलं. ओळख पटवणं, टोपणनावं, निरोप्यांची साखळी. मॉन्सिन्योरचं टोपणनाव ठरलं 'गोल्फ', कारण त्याला त्या खेळाचं वेड. रोममध्ये राहणारी माल्टाची एक विधवा, हेन्रिएटा शेव्हालिए, आपल्या मुलांबाळांनी भरलेल्या छोट्या घरात या पळपुट्यांना ठेवून घ्यायची.

आणि मग पैसा. रोममध्ये रेशनवरचा पाव घरच्यांनाच पुरत नव्हता. लपवलेल्या माणसाच्या नावाचं कार्ड कुठून आणणार? त्याचं पोट काळ्या बाजारातूनच भरायचं. पकडलं गेलं तर यजमानाच्या मानेवर मृत्यू. म्हणून ऑस्बर्न यांच्यामार्फत येणारे पैसे घरोघर पोचवायचे आणि प्रत्येक लिऱ्याचा हिशेब ठेवायचा. डेरी तो ठेवत होता. माणसांची नावं, दिलेल्या रकमा, सगळं लिहून. मला विचाराल तर सगळ्यात धाडसाची गोष्ट हीच. असा एक कागद गेस्टापोचा प्रमुख हर्बर्ट काप्लर याच्या हाती लागता, तर किती घरं उद्ध्वस्त झाली असती! म्हणून हे कागद बिस्किटांच्या डब्यांत घालून व्हॅटिकनच्या बागेत पुरले जायचे. खातेवही मातीत!

घाव बसलेच. साखळीतले काही जण पकडले गेले. २४ मार्च १९४४ ला रोममधल्या आर्देआतीनच्या गुहांमध्ये जर्मनांनी ३३५ जणांना गोळ्या घातल्या. पण काम थांबलं नाही.

४ जून १९४४ ला दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं. त्या दिवशी डेरीच्या यादीत ३,९२५ माणसं होती. ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी, अमेरिकन, रशियन, ग्रीक. बहुतेक जण शहराबाहेर, खेड्यापाड्यांत लपलेले.

घरी जायला मोकळा झालेला डेरी इटलीतच थांबला. मदत करणाऱ्यांची देणी भागवण्यासाठी दोस्तांनी एक आयोग नेमला, त्याची सूत्रं त्याच्याकडे आली. सैनिकांनी निघताना यजमानांच्या हातात चिठ्ठ्या ठेवल्या होत्या: या माणसानं मला जेवू घातलं, आसरा दिला, आणि खाली सही. कितीतरी कुटुंबांनी त्या जपून ठेवल्या होत्या. आता त्या एकेक करून बाहेर निघू लागल्या, आणि मेजरसाहेब पुन्हा हिशेबाला बसले.