मन भटकलं, आता काय?

मंडळी, ध्यान सोडून देणारे बहुतेक जण एकच कारण सांगतात: मन स्थिर राहतच नाही. मला वाटतं, इथे अपेक्षाच चुकते. लक्ष श्वासावर ठेवलं, ते सुटलं, सुटल्याचं कळलं, पुन्हा श्वासावर आणलं: ही झाली एक फेरी. दहा मिनिटांत अशा तीस फेऱ्या झाल्या, तर सराव तीस वेळा झाला. तो फसला नाही.

बसायला खुर्ची चालते. पावलं पूर्ण टेकलेली हवीत. जमिनीवर बसत असाल तर बुडाखाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतील. ते वर राहिले की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि थोड्याच वेळात दुखण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. दहा मिनिटांचा गजर लावा, नाहीतर सारखं घड्याळ आठवतं.

आता श्वास. नाकपुड्यांच्या कडेशी लक्ष ठेवा. आत येणारी हवा जराशी गार, बाहेर जाणारी कोमट. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, 1 ते 10, मग पुन्हा 1. कधी तुम्ही एकदम 14 वर असाल. लक्ष केव्हाच निघून गेलेलं, तोंडपाठ मोजणी मात्र चालूच! 10 ची मर्यादा त्यासाठीच आहे. ती ओलांडली की चोरी पकडली जाते. चिडू नका, 1 पासून सुरू करा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मुद्दाम खोल श्वास घेण्यात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. याला कुणी ध्यानातला अनुभव समजू नये. श्वास येईल तसा येऊ द्या. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा.

काहींना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरं होतं. त्यांनी तळपायांचा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज धरावेत. मनावर मोठा आघात झाला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. हे मी आग्रहाने सांगतो.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन या प्राध्यापकांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, कार्यक्रम सुरू केला. त्यात बसण्याबरोबरच रोजच्या साध्या कामांतल्या सजगतेचाही सराव असतो. ‘दिवसभर सजग राहीन’ असा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, म्हणून एकच काम निवडा. समजा, दात घासणं. ब्रशचे केस आत्ता कुठल्या दातावर आहेत? फेस किती झाला? पकड किती घट्ट आहे? खांदा उगाचच वर उचललेला आणि भुवया आवळलेल्या असतात, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. खांदा सोडा, पुढच्या दाताकडे या. दोन आठवडे हेच काम ठेवा, मगच दुसरं घ्या.

रागाचा मेसेज आला तर उत्तर पाठवण्याआधी तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते पाहा, तीन श्वास मोजा, लिहिलेलं पुन्हा वाचा. रोजचं बसणं सुटलं असेल, तर हे ऐनवेळी आठवतच नाही. दहा मिनिटं जमत नसतील त्या दिवशी तीन बसा, पण बसा.