आईबाप, मूल आणि शिकवलेली आठवण

नाशिककर रसिकहो, आज ज्या प्रकारच्या चित्रपटांविषयी मला बोलायचे आहे, त्यांत खून कोणी केला हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. मृतदेह कुठे नेला जातो तेही बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांदेखत घडते. तरीही तो जागचा हलत नाही, कारण गुन्हेगार सापडावा असे त्याला वाटतच नसते. तो सापडू नये म्हणून तो मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलेला असतो. कायदा पाळणाऱ्या, सिग्नलला थांबणाऱ्या माणसांना ही इच्छा दोन-अडीच तास मनात बाळगायला लावायची, तर पटकथेला एकच खात्रीचा आधार असतो, तो म्हणजे धोक्यात सापडलेले मूल आणि त्याला वाचवणारे आईबाप.

आपल्याकडे याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘दृश्यम’. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळी चित्रपट डिसेंबर २०१३ मध्ये आला. पुढे तो कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी अशा भाषांत झाला, इतकेच नव्हे तर सिंहली आणि चिनी भाषांतही पोहोचला. २०१५ चा हिंदी अवतार निशिकांत कामत यांनी केला. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये साध्या नोकरदार माणसाचा तोल सुटताना दाखवणाऱ्या या दिग्दर्शकाने इथे तोल अजिबात न सुटणारा साधा माणूस उभा केला. त्यात गोवा आहे आणि साळगावकर, देशमुख, गायतोंडे ही आडनावे आहेत, त्यामुळे तो चित्रपट आपल्याला अर्धा मराठीच वाटतो. ज्यांनी तो अजून पाहिला नसेल त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर दिवसरात्र चित्रपट पाहतो. शाळेच्या निसर्ग शिबिरात त्याच्या थोरल्या मुलीचे चोरून चित्रीकरण करणारा मुलगा त्या चित्रीकरणाच्या धाकावर घरापर्यंत येतो, आईकडेही नको ती मागणी करतो आणि मुलीच्या हातून मारला जातो. तो पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा मुलगा असतो. घटना दोन ऑक्टोबरच्या रात्रीची. त्यानंतर बाप कुटुंबाला पणजीला नेतो, सत्संग, जेवण, सिनेमा असा प्रवास घडवतो आणि हा प्रवास आदल्या दिवसापासूनचा होता असे साऱ्या जगाला पटवतो.

आता यातली मेख पाहा. विजय साक्षीदारांना खोटे बोलायला सांगत नाही, कोणाला पैसे देत नाही. तो त्यांना पुन्हा भेटतो आणि बोलण्याच्या ओघात तारीख पेरतो. हॉटेलवाल्याला, बसच्या वाहकाला हे कुटुंब खरोखर दिसलेले असते. चेहरे खरे, संवाद खरे, फक्त दिवस उसना. स्मृतीच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि प्रश्नातले एक क्रियापद बदलले. गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ म्हटले की लोक वेग कमी सांगत, ‘चक्काचूर झाल्या’ म्हटले की जास्त. आठवड्याने विचारले तेव्हा जोरकस क्रियापद ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना न फुटलेल्या काचाही आठवल्या. माणसाला पाहिलेले दृश्य आठवते, पण ते नेमक्या कोणत्या तारखेला पाहिले हे तो बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून जुळवून घेतो. विजयचा सगळा डाव या फटीत बसवलेला आहे.

परक्यांच्या स्मृतीशी केलेली ही चलाखी आपण कौतुकाने पाहतो. मला मात्र घराच्या चार भिंतींच्या आत चाललेली तालीम अधिक भीतिदायक वाटते. पोलीस काय विचारतील, कसे विचारतील, एकेकाला वेगळे बसवून काय म्हणतील, हे बाप बायकोकडून आणि दोन्ही मुलींकडून घोकून घेतो. धाकटी अनू तर शाळकरी पोर. तिने काही केलेले नाही. गुन्हा थोरलीच्या हातून झाला, तो लपवला मोठ्यांनी, आणि सगळ्यांत जड ओझे ठेवले गेले ते या पोरीवर. चौकशीत मार खाऊन ती कोसळते आणि अंगणातल्या खड्ड्याकडे बोट दाखवते, तेव्हा चित्रपटगृहात सुटकेचा निःश्वास निघतो तो खड्ड्यात माणसाऐवजी जनावराचा सांगाडा सापडल्यावर. म्हणजे बापाने आपली मुलगी फुटणार हेही गृहीत धरलेले होते. तिच्या नकळत तिच्या कबुलीजबाबालाच त्याने आपल्या बचावातले प्यादे केले. या प्रसंगाला आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या टाळ्यांविषयीच मला शंका आहे.

हे नाशिकमध्ये बोलताना दादासाहेब फाळके आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, आणि त्यानंतर आपला चित्रपटांचा कारखाना त्यांनी नाशिकला आणला. त्या पहिल्या चित्रपटाचा नायकही बापच आहे, पण शब्दाखातर बायको आणि मुलाला विकणारा, मेलेल्या मुलाच्या दहनासाठी स्मशानाचा कर मागणारा. बरोबर शंभर वर्षांनी, त्याच देशातल्या पडद्यावरचा बाप मुलीसाठी सत्य पुरून टाकतो आणि प्रेक्षक दोघांनाही नमस्कार करतो. रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्याच मुलाने, भालचंद्राने केली होती. चित्रीकरणाच्या काळात खेळताना तो खडकावर पडला, डोक्याला खोक पडली, शुद्ध हरपली, आणि प्रसंग मृत मुलाचाच असल्यामुळे फाळक्यांनी त्याच अवस्थेत तो चित्रित केला, अशी हकीकत सांगतात. या हकिकतीकडे मी ध्येयनिष्ठेची गोष्ट म्हणून पाहू शकत नाही. सत्यासाठी असो की कुटुंबासाठी, बापाच्या प्रतिज्ञेत मुलाची संमती कोणी घेतलेली नसते, आणि या बाबतीत दोन्ही बाप मला एकाच रांगेत बसलेले दिसतात.

कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण या कथा त्याला नेहमी बगल देतात. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली तो तसाच आहे. गुन्हेगाराला आश्रय देण्याच्या कलमात पतीपत्नीला सूट आहे, पण आईबापांना नाही. जपानच्या दंडविधानात मात्र नातलगांनी आरोपीला लपवले किंवा त्याचा पुरावा दडवला, तर न्यायालय शिक्षा माफ करू शकते. रक्ताच्या माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे प्रत्येक समाज वेगळे ठरवतो. शिवाय आपल्याकडे बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. साळगावकरांच्या मुलीला न्यायालयात बाजू मांडायला निश्चित जागा होती. पण मेलेल्या मुलाची आईच पोलीस महानिरीक्षक असताना ती जागा आपल्याला मिळेल यावर त्या घरातल्या कोणाचाच विश्वास नाही, प्रेक्षकांचाही नाही. कथेचा डोलारा बापाच्या हुशारीपेक्षा या अविश्वासावर उभा आहे.

बोंग जून-हो यांचा २००९ चा कोरियन चित्रपट ‘मदर’ याच वाटेने जातो, पण प्रेक्षकाला टाळीची सोय ठेवत नाही. बौद्धिकदृष्ट्या मंद असलेल्या तरुण मुलावर एका मुलीच्या खुनाचा आरोप येतो आणि जडीबुटी विकणारी आई त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा शोधत गावभर वणवण करते. तिला पुरावा मिळतो तो उलटा. मुलाला खून करताना पाहिलेला भंगारवाला भेटतो. ती त्यालाच ठार करते आणि त्याची झोपडी पेटवून देते. पुढे पोलीस दुसऱ्याच एका मतिमंद पोराला पकडतात आणि तिचा मुलगा सुटतो. तुरुंगात त्या निरपराध पोराला भेटायला गेलेली ही बाई त्याला आई आहे का, एवढेच विचारते. त्याला आई नसते. आईची माया कमी पडली म्हणून नव्हे, तर वाचवायला आईच नाही म्हणून एक मूल आत जाते, हे अभिनेत्री किम हे-जा यांच्या रडण्यातून ज्या थेटपणे कळते, तसे मी या प्रकारात अन्यत्र पाहिलेले नाही. गोव्यातला बाप जगाला आठवण शिकवतो, तर कोरियातली ही आई ॲक्युपंक्चरची सुई मांडीत टोचून स्वतःची आठवण पुसू पाहते.

‘दृश्यम’ला इतकी निर्दयता परवडत नाही, आणि लोकप्रिय चित्रपट म्हणून ते समजण्यासारखे आहे. तरी त्याच्या शेवटाला मी दाद देतो. तब्बूने उभी केलेली मीरा देशमुख हीदेखील मुलाला पाठीशी घालणारी आईच आहे, फक्त तिच्या हाती पोलीस दल आहे. मुलाला जन्मभर कशाचीच अडवणूक न करणे हेही एक संरक्षणच होते, आणि त्याचे फळ या दांपत्याने भोगलेले असते. ते येऊन माफी मागतात, विजय अर्धवट कबुली देतो, आणि दोन घरांतले मोठे लोक एकमेकांना समजून घेतात. ज्या मुलींना हे गुपित वर्षानुवर्षे जपायचे आहे, त्यांना मात्र या समेटात काही विचारलेले नाही.

२०२१ च्या मल्याळी दुसऱ्या भागात जीतू जोसेफ यांनी या मुलींकडे वळून पाहिले. सहा वर्षांनंतर थोरलीला झटके येतात, पोलिसांच्या नुसत्या चाहुलीने ती थरथरते, आणि बाप दरम्यान चित्रपटगृहाचा मालक झालेला असतो. पहिल्या अर्ध्या तासात मला वाटले की आता हा दिग्दर्शक बचावाची खरी किंमत मोजायला बसला. पण उत्तरार्धात पुन्हा बापाची नवी युक्ती, पुन्हा पोलिसांची फजिती, पुन्हा टाळ्या. मुलीचे आजारपण युक्तीच्या मांडणीपुरते वापरून बाजूला ठेवले गेले. अनू आणि तिच्या बहिणीच्या बाजूने, त्यांनाच निवेदक करून हीच कथा सांगणारा चित्रपट कोणी मराठीत केला, तर तो पाहायला मला आवडेल. त्यात खड्ड्यातला सांगाडा कोणाचा निघाला हे मग फारसे महत्त्वाचे उरणार नाही.