‘बी’ पेशीतला ‘बी’

[दृश्य : महूजवळचं एक पोल्ट्री शेड. सकाळ. स्टीलच्या ट्रेमध्ये मेलेलं पिल्लू.]

काका पिल्लू उताणं ठेवतात, पोटावरून कात्री फिरवतात. आतडं अलगद बाजूला सारलं की शेपटीकडे, गुदद्वाराच्या अगदी वर, एक गोल पिशवी दिसते. निरोगी पिल्लात ती फिकट पांढरी असते. ही सुजलीये, पिवळी पडलीये, वर जेलीसारखा थर आलाय. चिरली, तर आतल्या घड्यांवर रक्ताचे ठिपके.

“गंबोरो,” काका म्हणतात. हा पिल्लांचा विषाणूजन्य रोग. पिल्लांचा मालक मान खाली घालतो.

काका इंदूरच्या रामबागेतले. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आयुष्यभर कोंबड्यांचे डॉक्टर राहिले. ही पिशवी दाखवताना ते न चुकता एक नाव घेतात : ब्रूस ग्लिक.

[दृश्य : पिशवीचं जुन्या पद्धतीचं रेखाचित्र.]

या पिशवीचं वर्णन केलं इटलीतल्या पाडुआच्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञानं. ते छापून आलं 1621 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. नाव पडलं ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’. पण ती असते कशासाठी, हे पुढची तीनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ग्लिक हा तरुण विद्यार्थी याच प्रश्नामागे लागला. बर्सा पहिल्या तीन आठवड्यांत झपाट्यानं वाढते, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं ती कोवळ्या पिल्लांतूनच काढून टाकली. पिल्लं वाढली, खाऊन-पिऊन धडधाकट. फरक काही दिसेना.

त्याच सुमारास त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. साल्मोनेला जंतू टोचायचे आणि रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार झालेली दाखवायची, एवढाच साधा प्रयोग. ग्लिकनं आपल्याकडच्या दिल्या. त्यातल्या बऱ्याच कोंबड्यांत प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. नोंदी तपासल्या, तर त्या बर्सा काढलेल्या निघाल्या.

मला इथे थांबावंसं वाटतं. फसलेला वर्ग, बिघडलेल्या कोंबड्या, द्या सोडून, असं म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! या दोघांनी तसं केलं नाही. प्रयोग पुन्हा केला, नीट मांडला.

निबंध ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकाकडे गेला आणि परत आला. हे घडतं कसं, ते आधी उलगडा, असं संपादकांचं म्हणणं. शेवटी ग्लिक, चँग आणि त्यांचे सहकारी जाप यांच्या नावानं तो 1956 मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापला गेला. माणसांच्या रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारे कोंबड्यांचं नियतकालिक कशाला चाळतील? निबंधाचं वजन नियतकालिकाच्या नावावरून ठरवायची खोड आपल्याकडेही आहे, आणि ती मला खुपते.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी.]

1961 मध्ये जाक मिलर यांनी थायमस या ग्रंथीचं रोगप्रतिकारातलं काम दाखवून दिलं. 1965 मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांतच दोन्ही धागे वेगळे केले : प्रतिपिंडं बर्साच्या वाटेनं, पेशींनी थेट लढणारी दुसरी फळी थायमसच्या वाटेनं. थायमसच्या ‘टी’ पेशी, बर्साच्या ‘बी’ पेशी. माणसाला बर्सा नसते, त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात. पण अक्षर कोंबडीचंच राहिलं.

ओग्डेन ब्रुटन यांनी 1952 मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं असलेला प्रथिनांचा भाग, नव्हतं, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा संसर्ग व्हायचा. त्याच्यात नेमकं काय कमी होतं, ते या विभागणीनंतर समजू लागलं. वैद्यकीय संशोधनासाठीचा 2019 चा लास्कर पुरस्कार मिलर आणि कूपर यांना मिळाला. दोघांचा मान रास्तच. तरी काकांच्या तोंडी पहिलं नाव ग्लिकचं येतं, आणि मला ते पटतं.

[दृश्य : पुन्हा शेड. बादलीत पाणी.]

गंबोरोचा विषाणू नेमकी हीच पिशवी पोखरतो. पिल्लू त्यातून वाचलं, तरी पुढच्या लसी त्याच्या अंगी नीट लागत नाहीत, कारण प्रतिपिंडं घडवणाऱ्या पेशींचं घरच गेलेलं असतं.

शेजारच्या शेडमधली पिल्लं अजून ठीक आहेत. त्यांना पिण्याच्या पाण्यातून लस द्यायचीये. काका मालकाच्या मुलाला समजावतात, “नळाचं पाणी नको हं बाळा, क्लोरीननं लस मरते. आधी पाण्याची भांडी काढून घे, पिल्लांना तहान लागू दे. मग लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम दूध पावडर.”

मुलगा वाकून पावडर ढवळतो. पाणी हळूहळू पांढुरकं होतं.