सिप्सनचा मळा आणि रॉबिन्सची व्याख्या

मंडळी, अकरावी-बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्यांनी लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने केलेली त्या विषयाची व्याख्या घोकलेली असेलच. गरजा अमर्याद, साधनं मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग पर्यायी. उत्तरपत्रिकेत लिहायची आणि पेपर संपला की विसरायची! पण हा रॉबिन्स कुठला, त्याच्या घरी काय चालायचं, हे वर्गात कुणी सांगत नाही. मला आज तेच सांगायचं आहे. त्याच्या घरी भाजी पिकवत.

लंडनच्या पश्चिमेला मिडलसेक्समध्ये सिप्सन नावाचं खेडं आहे. लायोनेल १८९८ साली तिथेच जन्मला. वडील रोलंड रिचर्ड रॉबिन्स मोठे बागायतदार. काउंटी कौन्सिलचे सभासद होते आणि पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेचे अध्यक्षही झाले. घरचं वातावरण कडक बॅप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं. त्या मळ्यातून दोन विद्वान निघाले, कारण लायोनेलची बहीण कॅरोलिन ही नामवंत इतिहासकार. तिने अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं.

आता त्या मातीविषयी. खाली खडीचा थर आणि वर बारीक पोयटा. पाण्याचा निचरा चांगला होतो, नांगर सहज चालतो आणि जमीन सपाट. कोबी, वाटाणा, लेट्यूस, स्ट्रॉबेरी, सफरचंद, प्लम, काय हवं ते घ्या. आणि विकायला कॉव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार बाथ रोडने पंचवीसेक किलोमीटरवर. घोडागाड्या रात्री भरून निघायच्या आणि पहाटेच्या बाजाराला पोचायच्या. परतताना रिकाम्या येत नसत. लंडनच्या तबेल्यांतली लीद भरून आणत आणि तीच खत म्हणून मळ्यात जायची. शहराने भाजी खायची आणि शहराच्या घोड्यांनी मळा पोसायचा, असा हा व्यवहार. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले आणि हे स्वस्त खतही आटलं.

गाडीत स्ट्रॉबेरी चेपते. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जवळच्या आयलवर्थहून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालत लंडनला जात. यातल्या बऱ्याच जणी हंगामापुरत्या श्रॉपशर आणि वेल्समधून आलेल्या असत. बागायतीचा इतिहास लिहिताना मळ्याच्या मालकांची नावं मिळतात, या बायकांची मिळत नाहीत.

पण या जमिनीवर डोळा ठेवणारे इतरही होते. तोच पोयटा विटांना उत्तम, त्यामुळे आसपास वीटभट्ट्या निघाल्या. पोयटा काढला की खालची खडी बांधकामाला चालते. सपाटीचं म्हणाल, तर १७८४ साली जनरल रॉय यांनी ब्रिटनच्या भूमापनाची पहिली आधाररेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर बेतायची ती अचूक मोजलेली रेषा, याच परिसरातून आखली. १९३० साली फेअरी कंपनीने तिथे विमानं तपासायला धावपट्टी केली. रॉबिन्सने १९३२ साली ती व्याख्या मांडली, तेव्हा त्याच्या गावाभोवतीची जमीन एकाच वेळी भाजी, वीट, खडी आणि विमान या चौघांना हवी होती. व्याख्या त्याला मळ्यात सुचली असं मी म्हणणार नाही, ती घडली पुस्तकांत आणि वादांत. पण ‘पर्यायी उपयोग’ म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. रॉबिन्स लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला तो १९२० ते १९२३ या काळात. त्याच वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे होते. एडविन कॅनन हे दोघांनाही प्राध्यापक. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांच्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनन यांचीच, आणि तीही स्वतःचे मतभेद नोंदवून लिहिलेली.

आता १९४४. सिप्सनच्या दक्षिणेला, बाथ रोडच्या पलीकडे त्याच पॅरिशमधली, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीतली, एक वाडी होती, हिथ्रो. शेतं, फळबागा, थोडी घरं. हवाई मंत्रालयाने ती युद्धकालीन अधिकार वापरून ताब्यात घेतली. त्या अधिकारात जाहीर चौकशी लागत नव्हती. कारण दिलं ते असं, की वायुदलाला लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तळ हवा. माणसांना घरं सोडावी लागली, बागा उखडल्या गेल्या. वायुदलाला तो तळ कधी वापरावाच लागला नाही. १ जानेवारी १९४६ रोजी तो नागरी विमानतळ झाला. १९४४ मधले हवाई खात्याचे उपमंत्री हॅरल्ड बाल्फर यांनी १९७३ साली आत्मचरित्रात स्वच्छ लिहून टाकलं, की मुळात नागरी विमानतळच हवा होता आणि मंत्रिमंडळ समितीपुढे वायुदलाचं कारण केवळ पुढे केलं. फेअरी कंपनी भरपाईसाठी भांडत राहिली आणि १९६४ साली तिला सोळा लाख पौंड मिळाले. कंपनीला वीस वर्षं भांडणं परवडतं.

या सगळ्या काळात रॉबिन्स कुठे होता? युद्धकालीन मंत्रिमंडळाच्या कचेरीत, आर्थिक विभागाचा प्रमुख म्हणून. अन्नाची टंचाई, शिधावाटपाची ‘पॉइंट’ पद्धत, हे त्याच्या विभागाचे विषय. आणि सरकार त्याच वेळी उत्तम भाजीची जमीन खोट्या कारणाने डांबराखाली घालत होतं. मला यात सर्वात जास्त खटकतं ते डांबर नाही. विमानतळ कुठेतरी करावाच लागला असता. खटकतं ते हे, की पर्याय उघडपणे शेजारी शेजारी ठेवून तोललेच गेले नाहीत.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं पहिलं लंडन विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, कैरो, जिनिव्हा करत त्याच जमिनीवर उतरलं.

सिप्सन मात्र रस्त्याच्या उत्तरेला असल्यामुळे वाचलं. २००९ साली तिसऱ्या धावपट्टीला मंजुरी मिळाली, तेव्हा सुमारे ७०० घरं पाडायची होती आणि त्यातली बहुतेक सिप्सनची. २०१० साली सरकार बदललं, बेत रद्द झाला. मग नवी धावपट्टी कुठे करायची हे ठरवायला आयोग बसला. त्याने या वेळी तीन पर्याय रीतसर तोलले, दोन हिथ्रोचे, एक गॅटविक या लंडनच्या दुसऱ्या विमानतळाचा, आणि २०१५ साली कौल हिथ्रोलाच दिला. आयोगाचे अध्यक्ष हॉवर्ड डेव्हिस त्याआधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. २०१८ साली संसदेने ४१५ विरुद्ध ११९ मतांनी होकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला. आता प्रश्न विचारा.