रिपोर्ट चांगला, तरीही…

(दृश्य : लॅबचा कागद. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर कॅमेरा थांबतो.)

एलडीएल कमी. वाईट कोलेस्टेरॉल कमी, म्हणजे हृदयाची काळजी मिटली, असं कुणालाही वाटेल. पण ज्याच्या अंगात एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी हे दोन्ही विषाणू आहेत, त्यानं या आकड्यावर विसंबून राहू नये.

हेपेटायटिस सीचा विषाणू यकृतात बिऱ्हाड करतो आणि तिथलीच चरबी वापरून आपले कण बांधतो. म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसतं. यकृतात मात्र चरबी साठत असते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं.

(दृश्य : आतड्याच्या अस्तराचं चलचित्र.)

एचआयव्हीची वाट वेगळी, ती आतड्यातून जाते. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, फडशा पडतो. अस्तर झिरपू लागतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि प्रतिकारशक्तीला उसंत मिळत नाही. गोळ्यांनी विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तरी हा दाह पुरता विझत नाही. तो धुमसत राहतो रोहिण्यांच्या आतल्या थरात. तिथला चरबीचा एखादा साठा फुटला, की गुठळी. हृदयात झाली तर हार्ट अटॅक, मेंदूत झाली तर पक्षाघात. त्यात सिगारेट असेल, तर बोलायलाच नको.

मग दोष गोळ्यांचा? काही जुन्या गोळ्या रक्तातली चरबी वाढवत, हे खरंच. पण २००६ च्या ‘स्मार्ट’ चाचणीत, मध्येच गोळ्या थांबवणाऱ्यांमध्येच मृत्यू आणि हृदयविकार जास्त आढळले.

२०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निकाल आले. १२ देशांतले, एचआयव्हीसह जगणारे ७,७६९ जण. नेहमीच्या गणितानं त्यांच्या हृदयाला धोका कमी किंवा मध्यम. तरीही रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी झाले. गणितच तोकडं पडत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य : पुन्हा लॅबचा कागद. तारीख नवी.)

हेपेटायटिस सी आता बहुधा ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बरा झाल्यावर एलडीएल अनेकदा वाढतं आणि माणूस दचकतो. औषध बाधलेलं नसतं. विषाणूनं झाकलेला आकडा उघडा पडलेला असतो. तेव्हा स्टॅटिनचा विषय निघाला, तर एचआयव्हीच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना आधी सांगायची. त्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल, तर सिमव्हास्टॅटिन अजिबात चालत नाही.