हातात हात: चित्रशिल्पांतला विवाह

लग्नाचं चित्र समोर आलं की आपली नजर आधी चेहऱ्यांवर जाते. आज माझी एक विनंती आहे. चेहरे जरा बाजूला ठेवा आणि हात बघा. विवाहाला आपण ‘पाणिग्रहण’ म्हणतो. पाणि म्हणजे हात. प्राचीन रोमच्या दगडी शवपेट्यांवरही नवराबायको उजव्या हातात उजवा हात देऊनच उभे असतात.

घारापुरीच्या लेण्यातलं सहाव्या शतकातलं कल्याणसुंदर शिल्प, म्हणजे शिवपार्वतीच्या विवाहाचं शिल्प, आठवा. पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे. पत्नीची जागा डावीकडे, म्हणून ती वामांगी. म्हणजे लग्न अजून लागायचं आहे! तिची मान किंचित झुकली आहे, मागून एक जण तिला हलकेच पुढे करतो आहे. तो तिचा पिता हिमवान, असं मानतात. मूर्ती खूप भग्न झाल्या आहेत. तरीही त्या झुकलेल्या मानेतली लाज आणि ओढ, दोन्ही आपल्यापर्यंत पोचतात.

आता फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकचं 1434 सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, उंची जेमतेम 82 सेंटिमीटर. त्यात काय नाही? झुंबरात भर दिवसा जळणारी एकच मेणबत्ती, पायाशी कुत्रा, काढून ठेवलेल्या लाकडी खडावा, खिडकीपाशी संत्री. मागच्या बहिर्वक्र आरशात दारातून येणारी आणखी दोन माणसं दिसतात आणि आरशाच्या वर भिंतीवर चित्रकाराने लिहिलंय, ‘यान व्हान आइक इथे होता.’ एर्विन पानोफ्स्की या कलाइतिहासकाराने 1934 मध्ये मांडलं की हे चित्र म्हणजे विवाहाचा साक्षीपुरावाच: कुत्रा म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर. पुढच्या अभ्यासकांनी यातलं बरंच खोडून काढलं. चित्रातली स्त्री गरोदर आहे असं पुष्कळांना वाटतं, पण तिने फक्त त्या काळच्या फॅशनचा घोळदार झगा पोटाशी उचलून धरला आहे. मला स्वतःला या सगळ्या वस्तूंपेक्षा मधले हात अडवून ठेवतात. त्याच्या डाव्या तळव्यावर तिचा उजवा हात नुसता टेकलेला आहे. पकड नाही. प्रतीकांचा अर्थ शतकागणिक बदलतो, पण तो टेकलेला हात कुणी समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने 1743च्या सुमारास पैशासाठी ठरवलेल्या लग्नावर सहा चित्रं केली. पहिल्या चित्रात वर आरशात स्वतःला न्याहाळतोय, वधू अंगठी रुमालात ओवून चाळा करते आहे. हात कुठेच जुळत नाहीत. जुळवलेत ते फक्त कुत्रे, एकाच साखळीने.

आणि डच चित्रकार रेम्ब्रांटची ‘ज्यू वधू’, त्याच्या अखेरच्या वर्षांतली. ही जोडी बायबलमधली इसहाक आणि रिबेका असावी, असं आज बहुतेक जण मानतात. 1885 मध्ये चित्रकार व्हॅन गॉग ॲमस्टरडॅमला या चित्रासमोरून हलेना. इथे पंधरा दिवस बसायला मिळालं तर आयुष्यातली दहा वर्षं देईन, असं तो म्हणाला. पुरुषाची बाही बघा, सोनेरी रंगाचा इतका जाड थर की तो पृष्ठभागावर उठून आलाय. पण त्या बाहीतून बाहेर आलेला हात तिच्या छातीवर किती अलगद आहे! दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. तिच्या डाव्या हाताची बोटं तेवढी वर आली आहेत आणि त्यांची टोकं त्याच्या हातावर विसावली आहेत.