धुमा सुकला की कळतं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते वाद्य शिकण्याबद्दल. शिकून मोठा कलाकार वगैरे व्हायचं ते राहू दे बाजूला, नुसता हात मारून बघितला तरी ऐकणाऱ्याचा कान बदलतो, एवढंच सांगायचंय. कान बदलतो. हे मी परत सांगणार आहे.

आमच्या शेजारी तात्या राहतात, एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या कुडाळकडे कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा लागल्या की तात्या दशावताराचं एकही नाटक सोडायचे नाहीत, पण खरं म्हणाल तर खाजं घ्यायचं, पुढे जागा धरायची, आणि संकासुर येऊन गेला की बसल्या जागी पेंगायचं ते थेट युद्धाला उठायचं. रिटायर झाले आणि भजनमंडळातला मृदंग वाजवणारा पोरगा नोकरीला मुंबईला गेला, म्हणून बुवांनी यांनाच धरून बसवलं. भजनी ठेका, आठच मात्रा. पण आठ मात्रांत कोण घाम फुटतो ते बसल्याशिवाय कळत नाही.

आता मृदंगाचं एक सांगून ठेवतो. उजव्या बाजूला शाई, म्हणजे तो काळा गोल थर, ती कायमची. डाव्या बाजूला, म्हणजे धुम्याला, दर वेळी ओली कणीक थापायची. त्या वजनानं चामडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो, घुमतो. कणीक सुकली की आवाज चढत जातो. कणीक कशी मळायची ते तुम्हाला सांगायला नको.

तर त्या वर्षीची जत्रा. पालखी झाली, नाटक उभं राहिलं, पहाटे पहाटे युद्ध लागलं. दशावतारात लिहिलेलं काही नसतं, नट आयत्या वेळी बोलणार आणि मृदंगी त्याच्या पायांकडे बघत वाजवणार, त्यामुळे त्या बिचाऱ्याला मान वळवायलासुद्धा फुरसत नसते. राक्षस गरागरा फिरतोय, शिट्ट्या पडतायत, आणि तात्यांनी माझा दंड धरला. "धुमो सुकलो मरे!" मला काही कळेना, मला तर झकास वाजत होतं. तात्या म्हणाले, "आता पडतली बघ." आणि खरंच, दोन थापांत कणकेची खपली सुटून खाली!

तात्या उठले ते सरळ पुऱ्या तळणाऱ्याच्या स्टॉलवर. तो विचारतोय, "किती प्लेट?" हे म्हणतात, "पुरी नको रे, कणीक व्हयी, लिंबाएवढी." त्याला वाटलं म्हाताऱ्याला झोप चढलीय. गोळा घेऊन तात्या मागच्या बाजूनं मृदंग्याजवळ पोचले. राजा आणि राक्षसाचं बोलणं सुरू झालं तेवढ्या वेळात त्यानं कणीक थापली, ओलं बोट फिरवलं, आणि पुढची थाप अशी पडली की माझ्या छातीत वाजली. एवढ्या माणसांत कुणाला पत्ता नाही काय झालं ते. तात्या येऊन बसले आणि उजाडेपर्यंत डोळा मिटला नाही, नुसते मृदंग्याचे हात बघत होते. नाटक तेच, जत्रा तीच, कान बदललेला.

पेटीचंही असंच. पेटी शिकलात की कळतं, दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही, सूर घसरवत नेता येत नाही, मग गायक मींड घेतो तेव्हा तो कुठल्या कुठे फिरून आला ते तुम्हाला ऐकू येतं. याच कारणानं 1940 साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती बरं का, ती उठायला 1971 साल उजाडलं! माझं मत विचाराल तर बंदी घालायचीच होती तर डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातल्या, माईकवरच्या त्या इकोवर घालायला हवी, बुवा एकदा "विठ्ठल" म्हणतो आणि आपल्याला चारदा ऐकू येतं, त्यात धुमा सुकलाय की ओला ते तात्यांना तरी काय कळणार. गेल्या जत्रेत साउंडवाल्याला जाऊन सांगितलं त्यांनी. त्यानं इको आणखी वाढवला.

असो, आतून खूण होतेय, थांबतो. नमस्कार.